पणजीचे नाव काय?

पणजोबांचे नाव काय, असा प्रश्न आज सकाळी चहाच्या वेळी घरात सहज विचारून पाहा. बहुतेक घरांत उत्तर मिळेल. कुणी वडीलधारे असतील तर ते क्षणभर आठवतील आणि नाव सांगतील. आता दुसरा प्रश्न विचारा. पणजीचे नाव काय? तिचे माहेर कुठले? इथे बरीच घरे गप्प होतात. 'सगळे तिला मोठीआई म्हणत' एवढ्यावरच गाडी थांबते.

शिवाय आपण 'पणजोबा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकच माणूस असतो, आडनाव देणारा. खरे तर प्रत्येकाला चार पणजोबा आणि चार पणज्या असतात. आणखी एक पिढी मागे गेले की ही माणसे सोळा होतात. त्या सोळांपैकी आपल्याला फार तर दोघा-तिघांची नावे ठाऊक असतात. ज्यांच्या असण्यामुळे आपण आहोत, त्यांतली बाकीची माणसे घरच्या भिंतीवर नाहीत, बोलण्यात नाहीत आणि कागदावरही नाहीत.

श्राद्धाच्या विधीने मात्र ही आठवण तीन पिढ्यांपुरती सक्तीची केलेली आहे. पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे घ्यावी लागतात. तशीच माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही घ्यावी लागतात. आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही येतात. गुरुजींनी 'नाव सांगा' म्हटले की यजमान गोंधळतात आणि मागे बसलेली आत्या हळूच नाव पुरवते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. वैदर्भीय घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, तेव्हाही तेच. घरातली ती आत्या गेली की नावेही तिच्याबरोबर जातात.

अलीकडे वंशावळीचा शोध घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. निवृत्त झालेले एखादे काका वही घेऊन गावोगाव फिरतात. पुण्या-मुंबईकडचा, अमेरिकेतला एखादा चुलतभाऊ अचानक फोन करतो आणि 'आपण एकाच खापरपणजोबांचे' असे सांगतो. काहींना हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण नागपूरकरांनी तरी तसे म्हणू नये. वंशावळीपायी या शहराने एक राज्य गमावलेले आहे.

वंशावळीत अडकलेले राज्य

नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. राजघराण्याने आप्तांपैकीच यशवंतराव अहिरराव यांना वारस म्हणून पुढे केले आणि त्यांचे नाव जानोजी ठेवले. लॉर्ड डलहौसीने हे दत्तकविधान मानले नाही. राजाचा औरस वारस नाही, म्हणून राज्य खालसा, असा निवाडा होऊन १८५४ मध्ये नागपूरवर कंपनी सरकारचा अंमल बसला. पुढे १८५७ च्या उठावात राजघराणे शांत राहिल्यानंतर इंग्रजांनी याच जानोजींना 'देऊरचे राजेबहादूर' हा किताब दिला. म्हणजे राज्य घेताना जो मुलगा वारस नव्हता, तोच किताब देताना वारस ठरला.

या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हे तिसरे रघुजी स्वतः दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, तेव्हा १८१८ मध्ये त्यांना दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले. तेव्हा इंग्रजांना लेकीकडून आलेला वारस चालला होता. वंशावळ तीच, घराणे तेच, पण कोणती रेघ खरी मानायची हे कागद हाती असणाऱ्याने ठरवले. सामान्य माणसाच्या घरात राज्य नसते. तरी शेत असते, घर असते, मुलाचा शाळाप्रवेश असतो, आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहतो.

पांगलेली घराणी

नागपूर हे मुळातच बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते वसवले. त्यानंतर भोसल्यांबरोबर देशावरून, कोकणातून माणसे आली. कुणी लष्करात, कुणी फडावर, कुणी पूजेअर्चेसाठी, कुणी मागावर. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कामगार आले. प्रत्येक लाटेबरोबर घराण्याची एक फांदी इथे रुजली आणि मूळ मागे राहिले.

पुढे इथूनही फांद्या गेल्या. भोसल्यांचे राज्य ओरिसापर्यंत पसरले होते. छत्तीसगडात रतनपूरला बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत होते. त्यांच्याबरोबर गेलेली मराठी घराणी रायपूर-बिलासपूरकडे स्थायिक झाली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी कानावर पडते. मग आले १९५६ साल. तोपर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि सचिवालयातील कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. एक भाऊ मुंबईच्या वाट्याला, एक भोपाळच्या, असे अनेक घरांत घडले. पहिल्या पिढीत पत्रे आली-गेली, दुसऱ्या पिढीत लग्नपत्रिका. तिसऱ्या पिढीत मुलांना एकमेकांची नावेही ठाऊक उरली नाहीत. भोपाळचा नातू हिंदी बोलतो, नागपूरचा मराठी. आणि दोघांच्या घरात एकाच पणजोबांचा फोटो आहे.

आठवण ठेवणारी माणसे

पूर्वी आठवण ठेवण्याचे काम काही माणसांकडे सोपवलेले असे. गोंडांमध्ये ते परधानांकडे होते. परधान तंतुवाद्याच्या साथीने यजमान कुळाच्या देवांची आणि पूर्वजांची कथा गात. त्याबद्दल धान्य किंवा जनावर मिळे. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागलेली आहेत. एकाच गटातले सगळे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. इतकी मोठी व्यवस्था, तीही पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखलेली. ज्या राजवंशाने नागपूर वसवले, त्याची जमात आपला इतिहास असा गाऊन जपत होती.

इतरत्र भाट होते. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी आहेत. ते सुगीनंतर गावोगाव जातात, यजमानाच्या दारात बसून त्याच्या घराण्याची पिढ्यांची नावे वाचून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि पुढच्या गावाला लागतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग येथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात आणि आजोबा अस्थी घेऊन आले होते त्या दिवशीची त्यांची सही समोर येते. पाठ्यपुस्तकातला इतिहास वाचून न हलणारा माणूसही त्या सहीपाशी थांबतो. या वह्यांचे मोल परक्यांनाही कळले आहे. अमेरिकेतील युटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांच्या वंशशास्त्र संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील वह्यांच्या मायक्रोफिल्म केल्या.

मराठीत याच्या जोडीला 'कुलवृत्तांत' नावाचा ग्रंथप्रकारच तयार झाला. विशेषतः कोकणातून निघालेल्या ब्राह्मण घराण्यांनी विसाव्या शतकात असे जाडजूड ग्रंथ छापले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, आणि मग पानोपानी माणसे: शिक्षण, नोकरी, मुलेबाळे. यामागे राजवाड्यांनी लावलेली सवय होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवरून कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. घरातले जुने कागद रद्दीत टाकायचे नसतात, हे महाराष्ट्राला त्यांच्यामुळे कळले. आपल्याकडेही या. मा. काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' आणि 'नागपूरकर भोसल्यांचा इतिहास' लिहिताना अशाच कागदांचा आधार घेतला.

पण कुलवृत्तांत ज्यांना छापता आले त्यांचेच छापले गेले. ज्यांच्याकडे वाडा नव्हता, माळा नव्हता, लिहिणारे कुणी नव्हते, त्यांचे काय? हातमागावरच्या विणकराचे, गिरणीतल्या कामगाराचे, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे काय?

कोतवालाने लिहून ठेवलेले

त्यांची नावे सरकारी कागदांत आहेत. आणि या बाबतीत विदर्भ तसा भाग्यवान आहे. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि त्याची नोंद होई. तेच आपल्याकडचे 'कोतवाल बुक'. तहसील कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. अक्षर ओळखता न येणाऱ्या माणसाचाही जन्म, त्याच्या बापाचे नाव, जात, गाव असे सारे एका ओळीत त्यात सापडते. दुसरा कागद शाळेचा 'दाखल-खारीज' रजिस्टर. तिसरा जमिनीचा. मध्य प्रांतात इंग्रजांनी वेळोवेळी जमिनीचे बंदोबस्त केले, त्यांच्या मिसली आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यानंतर तयार झालेले अधिकार अभिलेख आहेत. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाचे नागपुरात कार्यालय आहे, तिथे जुन्या मध्य प्रांताच्या कारभाराचे कागद आहेत.

हे कागद वाचण्याची एक भाषा आहे. 'तुकाराम वल्द गणू' म्हणजे गणूचा मुलगा तुकाराम. देशावरच्या कागदांत याच जागी 'बिन' येते. 'सखू जौजे तुकाराम' म्हणजे तुकारामाची बायको सखू. 'सखू बेवा तुकाराम' म्हणजे तुकाराम गेला, सखू मागे राहिली. 'साकीन' म्हणजे राहणार. वाचता वाचता एखाद्या कागदावर 'जौजे' असते आणि तीन-चार वर्षांनंतरच्या कागदावर त्याच बाईपुढे 'बेवा'. मधल्या काळात काय झाले असेल ते लिहिलेले नसते. मग साल पाहावे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे मध्य प्रांतातले भयंकर दुष्काळ. १९१८ च्या शरदात आलेला इन्फ्लुएंझा. त्याची सर्वाधिक झळ लागलेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. वंशावळीत १९१८ च्या आसपास एकाच घरातली दोन-तीन नावे तुटलेली दिसली, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

सालाचाही घोळ असतो. शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर साधारण ५९०, शुहूर सन असेल तर साधारण ५९९, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे. महिन्यावरून एखाद्या वर्षाचा फरक पडतो. जुने कागद मोडीत असतात; मोडी वाचणारे आता थोडे उरले असले तरी शिकवण्याचे वर्ग निघतात, आणि नातवंडांपैकी एखाद्याने दोन महिने मन लावले तर तो आजोबांचा दस्त लावू शकतो. दुसरी अडचण नावांची. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच घरात एकाआड एक पिढी 'विठोबा' निघतो. कोणता विठोबा कोणता, हे बापाच्या नावावरून, गावावरून, बायकोच्या नावावरून ठरवावे लागते. बायकोचे नाव टिपून ठेवलेले असले की किती गुंते सुटतात, ते इथे समजते.

एकाचा कागद, दुसऱ्याचा प्रवेश

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आज महाराष्ट्रात वंशावळ ही हौसेची वस्तू उरलेली नाही. जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळण्याचा २००० चा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्यानुसार राखीव जागेवर प्रवेश, नोकरी किंवा निवडणूक हवी असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अर्जदाराचे पूर्वज ठरावीक तारखेच्या आधी या राज्यात राहत होते आणि त्याच जातीचे होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

बारावीचा निकाल लागला की घराघरात आजोबांच्या शाळेचा शोध सुरू होतो तो यामुळे. ती शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर वाळवीने खाल्लेले असते, आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. मग कळते की चुलत आजोबांचा नातू कुठे तरी चंद्रपूरला आहे आणि त्याला वैधता मिळालेली आहे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातल्या माणसाचे वैधता प्रमाणपत्र पडताळणीत मोठा आधार ठरते. चाळीस वर्षे न बोललेले दोन चुलतभाऊ अशा वेळी एकमेकांचा फोन शोधतात. कधी पलीकडून उत्तर येते, 'उद्याच ये, सगळ्या नकला काढून ठेवतो.' कधी उत्तर येते, 'बघू.' या 'बघू'मध्ये एखाद्या मुलीचे मेडिकलचे वर्ष जाऊ शकते.

कागदावरच्या एका शब्दाने किती घरांचे नशीब फिरते, हे नागपूरने हलबा-कोष्टी वादात पाहिले. अनुसूचित जमातींच्या यादीत 'हलबा' आहे. आपण हलबाच, विणकामामुळे कोष्टी म्हटले गेलो, असे इथल्या विणकर वस्त्यांतले लोक सांगत आले. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की यादीत आहे तेवढेच धरायचे, 'हलबा-कोष्टी' म्हणून त्यात भर घालता येणार नाही. त्यानंतर अनेक वर्षे नोकऱ्यांचे, पदोन्नतींचे प्रश्न कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिले. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कोतवालाने धंदा विचारून जात लिहिली की जात विचारून, हा प्रश्न पणतूच्या पगारापर्यंत येतो, एवढे मात्र खरे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडीतली आणि उर्दूतली जुनी दप्तरे बाहेर निघाली आणि 'सगेसोयरे' हा आपला घरगुती शब्द अधिसूचनेच्या मसुद्यात जाऊन बसला.

कागद न देण्यामागची कारणेही समजून घ्यायला हवीत. गावाकडे कुणी चुलतभाऊ वंशावळ मागायला आला की पहिली शंका येते, 'हिस्सा मागायला आला की काय?' ती नेहमीच खोटी नसते. वारसनोंदीत एखादी बहीण, एखादा परागंदा भाऊ वगळलेला असतो, आणि नीट वंशावळ लिहिली की तो माणूस पुन्हा उभा राहतो. अशा घरांत वंशावळ कुलूपबंद राहते. पण वंशावळ दडवून नाते मिटत नाही. फार तर भांडण एका पिढीने पुढे ढकलले जाते आणि पुढच्या पिढीला ते कारण न कळताच वारशात मिळते.

लेकींच्या फांद्या

जुन्या वंशावळी पाहिल्या की एक गोष्ट खटकते. मुलगा असेल तर त्याच्या नावाखाली रेघ ओढलेली असते, मुलगी असेल तर नावापुढे सासरचे आडनाव लिहून रेघ संपते. कित्येक वंशावळींत मुलीच नसतात. शंभर-दीडशे वर्षांत एकाही घरात मुलगी झाली नाही असे कसे होईल? सुनेचे माहेरचे नाव लग्नात बदलले जाई, त्यामुळे तिचे मूळ नाव दोन्हीकडून हरवे. माहेरच्या कागदातून ती गेलेली आणि सासरच्या कागदात 'जौजे' म्हणून आलेली.

कायद्याने ही रेघ पुढे नेली आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायाद झाली. विज्ञानाचेही म्हणणे तेच. पेशीतील मायटोकाँड्रियाचा जनुकीय ठेवा फक्त आईकडून येतो: आई, आजी, पणजी असा अखंड. म्हणजे ज्या पणजीचे नाव घरात कुणाला आठवत नाही, तिची खूण तिच्या लेकींच्या लेकींमध्ये जशीच्या तशी आहे. आता नव्याने वंशावळ लिहिणाऱ्यांनी लेकींच्या फांद्या थांबवू नयेत. वही थोडी जाड होईल, इतकेच.

काही घराण्यांत हा शोध आणखी वेगळ्या वाटेने जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अनेकांनी घरातले जुने देव विसर्जित केले. कुलदैवत, गोत्र, तीर्थोपाध्याय हे धागे त्यांच्यासाठी मागे सुटले, किंवा कधी नव्हतेच. पण त्या घरांत दुसरे कागद आहेत: गिरणीतल्या कामाचे, रेल्वेचे, पलटणीचे, रात्रशाळेच्या दाखल्याचे, १९५६ च्या त्या दिवशी दीक्षाभूमीवर काढलेल्या फोटोचे. आपल्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा कोण चढले, ही नोंद कोणत्याही राजवंशावळीपेक्षा कमी मोलाची नाही. आणि ते सांगू शकणारी, तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत.

सातासमुद्रापार

दूरच्या नातलगांचा विचार निघाला की मॉरिशसची आठवण होते. १८३४ नंतर साडेचार लाखांवर भारतीय मजूर करारावर त्या बेटावर नेले गेले. त्यांत कोकणातून, रत्नागिरीकडून गेलेले मराठी लोकही होते. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची रजिस्टरे जपलेली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, गाव, जहाज आणि पुढच्या काळात फोटोही. तिथल्या दप्तरात उतरलेल्या माणसाचे पहिले नाव पुढे मुलाबाळांचे आडनाव झाले, त्यामुळे मूळ आडनाव हरवले. आज चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसे त्या नोंदीची नक्कल घेऊन कोकणात आपले गाव शोधतात. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले ते गाव असते, उच्चार बिघडलेला असतो. त्यांना जमीन नको असते, घर नको असते. कुणी तरी 'हो, तुमचे माणूस इथून गेले' एवढे म्हणावे, यासाठी ते येतात. ते म्हणायला गावात कुणाच्या तरी वहीत ते नाव असावे लागते.

वही कशी ठेवावी

ज्यांना हे काम हाती घ्यायचे असेल त्यांनी सुरुवात दूरच्या पूर्वजांपासून करू नये. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करावी. प्रश्न तारखांचे विचारू नयेत, प्रसंगांचे विचारावेत. 'आजोबा केव्हा वारले?' याला उत्तर येत नाही. 'ते वारले तेव्हा तू कुठे होतीस, कोणती शाळा होती, पाऊस होता का?' याला येते. बायकांना वेगळे विचारावे; पुरुषांदेखत बऱ्याच गोष्टी त्या बोलत नाहीत. प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितले किंवा कोणत्या कागदावर पाहिले, हे लिहावे. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवावे. 'आपले मूळपुरुष थेट अमुक सरदारांचे' असे प्रत्येक घराण्यात सांगतात. ते लिहावे, पण पुढे 'असे सांगतात' हे दोन शब्दही लिहावेत.

शोधात काही नकोशा गोष्टीही सापडतात. दत्तक गेलेला मुलगा, दुसरे बिऱ्हाड, विहिरीत गेलेली सून, तुरुंगवास, फितुरी. जिवंत माणसाला ज्याने इजा होईल ते वहीत असले तरी वाटू नये. पण गेलेल्या माणसाला वंशावळीतून खोडण्याचा अधिकारही कुणाला नाही. सुनेने जीव दिला हे लिहिण्याची हिंमत नसेल तर निदान ती होती, एवढे लिहावे.

आणि मग हे सगळे द्यावे. आता कौटुंबिक व्हॉट्सॲप गट आहेत, एका फोटोने कागद क्षणात सर्वदूर जातो. तिथे थोडे तारतम्य हवे: हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, घराचे पत्ते गटात टाकू नयेत, त्यांची परवानगी घ्यावी. पण दोन पिढ्यांमागची मिसलीची नक्कल, कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांचा शाळेचा दाखला हे एकाच्या कपाटात ठेवण्याचे कागद नाहीत. घराला आग लागते, नाग नदीला पूर येतो, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात किती घरांतल्या पेट्या भिजल्या ते आठवावे. एक प्रत रायपूरच्या बहिणीकडे, एक भोपाळच्या पुतण्याकडे आणि एक गावाकडच्या घरी असली की कागद वाचतो. ज्याने मागितले त्याच्याशी बोलणे नसले तरी द्यावा. पूर्वज काही एकट्याचे नसतात.

पितृपंधरवडा असो की दिवाळी, माणसे एकत्र येतात तेव्हा दोनशे पानी वही आणि पेन घेऊन आत्याबाईंजवळ बसावे. पहिल्या पानावर आधी बायकांची नावे लिहावीत, माहेरच्या नावासकट. ज्यांची मिळत नाहीत त्यांच्यासाठी जागा कोरी सोडावी. रायपूरहून किंवा भोपाळहून कुणाचा फोन आला तर ती भरता येईल.